पपांचं पदक

हवालदार प्रभुदास भिंगारदिवे यांच्या कबरीच्या दगडावर एकाहत्तरच्या लढाईत मिळालेल्या पदकाचं नाव कोरायचं, असं त्यांच्या लेकीनं, दीनानं, मनाशी पक्कं केलं होतं. पण चर्चची कमिटी अडून बसली, आधी सरकारी कागद दाखव म्हणाली. आणि लष्कराच्या रेकॉर्डात त्या पदकाची नोंदच नव्हती!

ती नोंद करून घेण्यासाठी घोडेगावाहून नगरच्या सैनिक कार्यालयात तिचे सात हेलपाटे झाले. पपांचे फोटो नेले, जुनी पत्रं नेली, पण तिथल्या साहेबांचं एकच पालुपद, "पक्का पुरावा आणा."

आठव्या खेपेला खुर्चीत नवा क्लार्क होता. माणूस भला होता.

"अहो ताई, कशाला एवढी पायपीट केली? पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर अन् नाव कोरलेलं असतंय. त्याच्याहून मोठा पुरावा न्हाई. पदक घेऊन या, त्याच दिवशी अर्ज पुढं धाडतो. जपून ठेवलंय ना?"





शवपेटीवर झाकण ठेवताना सगळे "आठवण म्हणून घरात राहू दे" म्हणत होते, तेव्हा दीनानंच हट्टानं ते पदक पपांच्या कोटावर लावलं होतं.