फ्रिजमधला प्लेग

चौऱ्याहत्तर सालचा सोलापूरचा एप्रिल म्हणजे नुसता तापलेला तवा, आणि अख्ख्या कॉलेजात फ्रिज एकच. तोही जंतूंच्या प्रयोगशाळेत. "ह्यात खाण्यापिण्याचं काही दिसलं, तर दुसरी नोकरी बघायची," असा दम निंबर्गी सरांनी शिपाई सिद्धप्पाला भरला होता. सिद्धप्पाही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं आपल्या ताकाच्या बाटलीवर 'टायफॉईड' अशी चिठ्ठी डकवली आणि रोज दुपारी दाराला कडी घालून तो गारेगार टायफॉईड पिऊ लागला. खालच्या कप्प्यातल्या 'प्लेग' लिहिलेल्या डब्याला मात्र तो जाम टरकून असायचा. फ्रिज पुसतानासुद्धा श्वास रोखून धरायचा.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले, त्यांनी फ्रिज उघडला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. "अहो, कॉलेजात प्लेग? हे सगळं आत्ताच्या आत्ता उकळून टाका!"

सिद्धप्पानं जड मनानं आपलं ताक उकळत्या पातेल्यात ओतलं. मग टोपी नाकावर दाबून, सिद्धेश्वराचं नाव घेत, त्यानं प्लेगच्या डब्याला हात घातला. "सर, ह्यो लई भरलाय की ओ! ओतू का?"

निंबर्गी सर धावत आले आणि त्यांनी प्लेगचा डबा पोटाशी कवटाळला.



"अरे थांब की! सासूबाईंनी अक्कलकोटहून धाडलेलं श्रीखंड हाय ते!"