दोन देशांची आई

आई केव्हाची बोलत होती. समोर बसलेल्या परदेशी नटीला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण आईचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. पलंगाखालचं खोकं ओढून तिने कपबशा फरशीवर मांडल्या होत्या. कारखान्याने नाकारलेला, टवके उडालेला माल ती फुटपाथवर बसून विकायची, तश्शा.

"एखादी म्हणायची, याचा तर कान तुटलाय. मी म्हणायचे, मग काय झालं? चहा काय कानाने पिणार आहेस?"

नटी गोड हसली. शेजारी सरकारी चित्रपट मंडळाच्या अधिकारी बाई होत्या. त्या तर मनापासून हसल्या, पण नटीला तिच्या भाषेत त्यांनी दोनच शब्द सांगितले. आईचा मुलगा, म्हणजे सिनेमाचा दिग्दर्शक, मान खाली घालून बसला होता. नवरा गेल्यावर आईने नुसत्या जिभेच्या जोरावर घर चालवलं, त्यावरच त्याचा सिनेमा होता. त्यापायी त्याने वर्षानुवर्षं जोडे झिजवले होते.

"आणि ते पोलिसाचं घेतलंस ना रे? हुसकायला आला होता, मी त्याच्याच गळ्यात अर्धा डझन कप मारले, ते? हिला जमेल ना? नाहीतर मी शिकवते, बसू दे माझ्याजवळ."

त्याने अधिकारी बाईंकडे पाहिलं. शेवटी अधिकारी बाईंनीच तोंड उघडलं.

"मावशी, त्याचं असं आहे. पैसे दोन्ही देशांचे, म्हणून सिनेमाही दोन्ही देशांचा. दिग्दर्शक आपला, तर मुख्य नटी त्यांची. तसा करारच आहे."

"असू दे की. पोरगी गुणी दिसते."

"पण यांना आपली भाषा येत नाही. आणि दुसऱ्या कुणाचा आवाज लावलेला करारात चालत नाही."

"मग ही बोलणार कशी?"

"बोलणार नाही, आई," तो म्हणाला. "सिनेमात ती मुकी आहे."

ही युक्ती मंडळाच्या बैठकीत निघाली होती. मुकी बाई म्हणे कुठल्याही देशात समजते. आणि हा शहाणा तिथे मुकाट्याने मान डोलावून आला होता. नाही म्हटलं असतं तर सिनेमावर पाणी सोडावं लागलं असतं, आणि तेवढी छाती त्याला नव्हती.

नटी काहीतरी म्हणाली.

"मावशी, त्यांना बघायचंय," अधिकारी बाई म्हणाल्या, "न बोलता तुम्ही कप कसा विकला असता. जरा करून दाखवता?"

आईने एक कप उचलला, हाताने पुसला आणि मुलापुढे धरला. धरून गप्प राहिली. तोंड मिटलेली आई त्याने जन्मात पाहिली नव्हती. नटी पुढे सरकली आणि अगदी तसाच हात पुढे धरून बघू लागली.

"फार छान," अधिकारी बाई पुटपुटल्या.

आईने कप खाली ठेवला. आवाज न चढवता ती मुलाला म्हणाली, "अशी गप्प बसले असते, तर तू जगला नसतास रे."

नटीने उत्सुकतेने काहीतरी विचारलं. अधिकारी बाई घुटमळल्या.

"मावशी काय म्हणाल्या, विचारतायत. काय सांगू?"

"काही नाही," तो म्हणाला. "सांगा, काही बोलली नाही."