साहेबांची बदली

कोंबडा टोपलीत, टोपली आप्पांच्या काखेत आणि आप्पा शेजाऱ्यांच्या दारापुढे उभे.

"निघण्याआधी चष्मेवाल्यांची माफी मागायला हवी," ते म्हणाले.

"कशाला आप्पा? उशीर होतोय," मुलगा कुजबुजला.

मुलगा शिंपी. जगाची मापं बिनचूक घ्यायचा; पण घरात कोंबडा नको, एवढं बापाला सांगायची त्याची छाती झाली नव्हती. म्हणून त्याने शेजारच्या चष्मेवाल्याला गळ घातली होती, की तक्रार तुमच्या नावावर खपवतो, विचारलंच तर हो म्हणा. चष्मेवाला भला माणूस, कबूल झाला. बायकोला सांगायचं तेवढं विसरला.

कोंबड्याला आप्पा 'साहेब' म्हणत. साहेबांना नवं घर शोधताना त्यांनी मुलीला स्थळ बघावं तशी पायपीट केली. एकाने आधी वजन विचारलं, तो बाद. दुसऱ्याच्या अंगणात पिसं दिसली, तोही बाद. शेवटी रोपवाटिकेचा म्हातारा मालक पसंत पडला. "तोंड उघडायला लावून पाहिलं मी. एकही दात नाही."

दार चष्मेवाल्याच्या बायकोने उघडलं.

"चाललो याला घेऊन, सूनबाई. तुमची झोपमोड झाली. राग धरू नका."

"आमची झोपमोड? अहो आप्पा, याच्या जिवावर गजर लावायचं सोडलंय आम्ही! कुणी केली तक्रार? नाव सांगा, बघतेच त्याच्याकडे."

आतून चष्मेवाला लगबगीने आला. "ते मी... म्हणजे मलाच जरा..."

"तुम्हाला? कानाशी ढोल बडवला तरी कूस बदलत नाही तुम्ही!"

चष्मेवाल्याने शिंप्याकडे पाहिलं. शिंप्याने जिन्याकडे पाहिलं. आप्पांनी दोघांकडे पाहिलं आणि टोपलीवरचं फडकं उगाचच नीट केलं.

"अगं, तक्रार माझीच," ते म्हणाले. "या वयात झोप कमी. मलाच सोसेना."

शिंप्याचे कान तापले. "आप्पा, राहू दे त्याला."

"नको. तिकडे शब्द दिलाय."

रोपवाटिकेत साहेब टोपलीतून उतरले आणि मागे वळूनही न पाहता रुबाबात कुंड्यांमधून निघून गेले. परतीच्या वाटेवर आप्पा रस्त्यावरच्या खड्ड्यांवर बोलले, उन्हावर बोलले, कोंबड्याचं नाव काढलं नाही. रिकामी टोपली मुलाने स्वतःकडे घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे घर अगदी शांत होतं. तरी शिंप्याला जाग आली. तो पाणी प्यायला उठला. आप्पांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

आप्पा अंथरुणात बसले होते आणि दोन्ही हातांनी तोंडावर उशी दाबून खोकत होते.