तपासणीची घाई

“मोठा झालो की तुला विमानानं नेईन,” असं लेक लहानपणी मांडीवर डोकं ठेवून म्हणायचा. परदेशी स्थिरावल्यावर त्यानं आईला कायमचं तिकडे नेण्यासाठी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा दूतावासानं बोलावण्याआधीच तिनं वैद्यकीय तपासणी उरकली आणि व्हिसा हाती यायच्या आत रिपोर्टची मुदत संपली.

या खेपेला नेमकी वेळ साधून तो स्वतःच तिला दवाखान्यात घेऊन आला.

“आई, आता तरी घोळ घालू नकोस. ही शेवटची संधी आहे.”

चाळिशीतही बुद्धीनं लहान मूलच राहिलेली त्याची थोरली बहीण आईच्या खांद्यावर पेंगत होती. नर्सनं आईचं नाव पुकारलं. आई उठली नाही.

“घोळ नव्हता रे तो. मुदत संपावी म्हणूनच घाई करायचे. तुझ्या अर्जात हिचं नाव नाही. हिला कुणाच्या दारात बसवून येऊ?”