कधीच पोस्ट न केलेली गोष्ट

मुलांनो, अशा दिवसांची कल्पना करा, जेव्हा कुणाचाही चेहरा आणि आवाज हुबेहूब बनवता येतो. अशा एका सकाळी, डोंगरातली लष्करी चौकी दरडीखाली गाडली गेल्याचा व्हिडिओ गावभर फिरला. तेजलचे पप्पा त्याच चौकीवर होते. थोड्याच वेळात लष्कराच्या पेजवर पप्पांचा हसरा व्हिडिओ आला, "मी सुखरूप आहे." पण आईचं रडू थांबेना. दोन्हींतला खरा कोणता?

पेजवर खाली लिहिलं होतं, "घरच्यांनी एक प्रश्न विचारावा. जवान स्वतः उत्तर देईल. मात्र ती गोष्ट कधीच कुठे पोस्ट केलेली नसावी."

"आपल्या शेळीचं नाव विचार," आबा नवा चष्मा सावरत म्हणाले.

"अहो आबा, तिच्या बारशाचा व्हिडिओ तुम्हीच टाकलात ना!" आई म्हणाली.

लग्न, सहली, तेजलचा पहिला पडलेला दात, सगळंच टाकून झालं होतं. तेजलला एकच गोष्ट आठवली. तिने आबांकडे चोरून पाहिलं आणि टाइप केलं, "सुट्टीत आपण जोंधळ्याच्या कणगीत काय लपवलं?"

दहा मिनिटांनी उत्तर आलं. आईने ते मोठ्याने वाचलं, "आबांचा चष्मा. तू मोडलास, मी लपवला. त्यांना सांगू नकोस हां!"

"अरे लबाडांनो!" आबा ओरडले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. आईने तर फोनच छातीशी धरला.

तेजल उठली. कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तिने तो मोडका चष्मा काढला, फ्रॉकला पुसला आणि आबांच्या हातात ठेवला.