पहिला हात

बायोमेडिकल विभागाला पंचवीस वर्षं झाली, दोन खोल्यांचे चार मजले झाले. समारंभासाठी काचेचं कपाट सजवलं. त्यात पेटंटची प्रमाणपत्रं, ढाली ठेवल्या. मधोमध विभागानं बनवलेल्या पहिल्या कृत्रिम हातासाठी जागा सोडली होती. तो हात वापरणाऱ्या शिवणकामवाल्या मावशींना विभागप्रमुख बाईंनी बोलावून नवा हात बसवला. पाचही बोटं हलत होती. "मावशी, आता जुना आम्हाला द्या." मावशींनी पिशवीतून सुई काढली. नव्या बोटांतून ती तीनदा निसटली. जुन्या अंगठ्याला कार्यशाळेतल्या मिस्त्रींनी सुईपुरती खाच पाडली होती. "नवा जावई राजबिंडा आहे हो, पण इकडची काडी तिकडे करत नाही," मावशी म्हणाल्या. "माझं पोट त्या खाचेवर आहे." समारंभाच्या दिवशी कपाटातली मधली जागा रिकामीच होती. तिथे बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती: "पहिला हात. अजून कामावर आहे."