पोटाचे चांगले डॉक्टर

"काका त्या बाकावर, काकू तुम्ही इकडे. एकमेकांचं बघायचं नाही हं," म्हणत समुपदेशक मुलीने दोघांना एकेक प्रश्नावली दिली. रुग्ण आणि घरचे आजाराशी किती जुळवून घेतात, ते म्हणे मोजायचं होतं. हेमलताबाईंना तेव्हाच वास आला. पोलीसही असंच वेगळं बसवून विचारतात.

चार महिने त्यांनी नवऱ्याला अल्सरच झालाय असं भासवलं होतं. नातेवाइकांना पढवून ठेवलं होतं. रुग्णालयाच्या दारावर कर्करोगाची हातभर पाटी होती, तिच्यावरही उत्तर तयार होतं: "इथले पोटाचे डॉक्टर चांगले आहेत." नवरा बिचारा मान डोलवायचा. आणि आता ही कालची पोर एका कागदाने सगळ्यावर पाणी फिरवणार!

'रुग्णाला आजाराची कल्पना आहे का?' यापुढे त्यांनी ठासून 'नाही' लिहिलं आणि तडक नवऱ्याचा बाक गाठला. "द्या इकडे. तुम्हाला बारीक अक्षर दिसत नाही."

"झालंय माझं," म्हणत नवऱ्याने कागद छातीशी धरला. त्यांनी तो ओढून घेतलाच.

'आजाराचे नाव' यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'कर्करोग. पत्नीसमोर कृपया अल्सर म्हणावे. तिला सोसणार नाही.'

हेमलताबाईंनी कागदाची घडी घालून ती मुलीच्या हातात दिली.

"दिसलं का गं काही?" नवऱ्याने सावधपणे विचारलं.

"छे, चष्मा घरीच राहिलाय," त्या म्हणाल्या, आणि नाकावरचा चष्मा काढून पदराने पुसू लागल्या.